फट

उद्यमबागेत, परशराम कंग्राळकरांच्या शेडमध्ये
मी आठ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या करून घेतल्या.
प्रत्येकीत आठ खण, खणात एक स्फटिक.
सैल बसला तर उजेड निसटतो, घट्ट बसला तर तडकतो.
'सवलत किती?'
'पन्नास मायक्रॉन.'
'चिक्कू आहेस की गं.'

चहा आल्यावर त्यांनी विचारलं, हे सगळं कशाला.
म्हटलं, पायॉन नावाचा कण आहे, भार नसलेला.
जन्मतो आणि फुटून उजेडाचे दोन थेंब होतो.
तो स्वतः दिसत नाही. थेंब दिसतात.
त्यांची ऊर्जा मोजायची, दोघांमधला कोन मोजायचा,
आणि मागे जाऊन सांगायचं :
इथे एक होता. एवढ्या वजनाचा.

'जगतो किती?'
सेकंदाचे कोटी तुकडे. त्यातल्या एकाचे पुन्हा कोटी.
त्यातल्या एकाचे हजार. त्यातले आठ.
ते बोटांवर हिशेब करत राहिले, मग सोडून दिला.
'चालतो किती ते सांग.'
मायक्रॉनचा चाळिसावा भाग.
हे मात्र लगेच कळलं त्यांना.
मायक्रोमीटर पुसून, जरा ओशाळून,
डबीत ठेवला.

पट्ट्यांवर शून्य ते सात आकडे ठोकले बसलिंगनं,
रात्रपाळीला.

पट्ट्या गेल्या दूरदेशीच्या एका बोगद्यात.
तिथून रात्री अडीचला मोजमापं येऊ लागली
अनगोळच्या माझ्या खोलीत.
एकशे पस्तीसवर टेकडी उभी राहायला हवी होती.
आलं ते सुजलेलं काहीतरी,
राजहंसगडासारखं पसरट,
आणि तेही भलत्याच जागी.
तीन आठवडे मी त्याच्याशी भांडले.
मग शेडमध्ये जाऊन म्हटलं, तुमच्या खणांत फरक असेल.

ते चिडले नाहीत. वही काढली.
चौसष्ट खण, प्रत्येक तीनदा मोजलेला, पेन्सिलीनं.
सत्ताविसाव्यापुढे एक्केचाळीस, खाली रेघ,
जणू तेवढा गुन्हा कबूल.
'फोटो आहे काय जोडणीचा?'

फोटो मोठा केला. तेलकट अंगठा काचेवर थांबला.
'ह्या दोन पट्ट्या अशा का लावल्यात?'
म्हटलं, दोन्हींवर शून्यच आहे. एक आकडा नाहीच.
बसलिंगनं चुकून दोनदा शून्य ठोकलं,
मी अंदाजानं लावल्या.
त्यांनी कानडीत हाक मारली.
बसलिंग चिंध्यांना हात पुसत आला,
वाकला, आणि हसला.
'अक्का, हे शून्य नव्हं. तोंड उघडं आहे की याचं.
ओंदु.'

मी, जी अक्षरं लागायच्या आधीपासून
स्टँडावर बसच्या पाट्या वाचते.
जिला कॉलेजच्या बसचा एक
कधी शून्य वाटला नाही.
ॲल्युमिनियमवर मात्र मला एकच लिपी आठवली.

कानडी एक गोल होता होता थांबतो.
तेवढ्याच फटीत माझे एकवीस दिवस गेले होते.

त्या रात्री दोन ओळी बदलल्या.
उजेडाच्या चार लाख जोड्या परत आपापल्या कोनात गेल्या
आणि एकशे पस्तीसच्या उंबऱ्याशी
टेकडी उभी राहिली, अरुंद, ताठ.
त्यातला एकही आता कुठे नव्हता.

आलेख छापून त्यांनी लेथवर चिकटवलाय.
त्यावर कूलंटचे डाग पडलेत.
गिऱ्हाईक विचारतं, धंद्याचा आहे काय?
'छे, वजनाचा,' म्हणतात, आणि चक फिरवतात.

आता त्याचा थोरला भाऊ मोजायचाय, ईटा.
चौपट वजनाचा, त्याहून अल्पायुषी.
सोळा पट्ट्या लागतील.
बसलिंगनं ठोकण्याआधी विचारलं,
'एकाखाली टिंब मारू काय, अक्का, तुमच्यासाठी?'
नको म्हटलं.
घरी येऊन कागदावर कानडी दहा लिहून पाहिले.
अजूनही आधी दोन शून्यंच दिसतात,
मग पहिलं हळूहळू तोंड उघडतं.